दहावी, पण लेकीच्या चालीने: एनआयओएसचा फॉर्म भरण्यापासून मार्कशीट हातात येईपर्यंत

नववीच्या ऑक्टोबरात माझी लेक आजारी पडली ती फेब्रुवारीपर्यंत अंथरुणावरच होती. हजेरी भरली नाही. शाळेने नववीत परत बसवायचं सुचवलं, डॉक्टर म्हणाले रोजची सहा तासांची शाळा आणखी वर्षभर नको. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरा." दिरांनी सांगितलं, "ओपनमधून करून टाका." ओपन म्हणजे नक्की काय, त्या दहावीला पुढे किंमत असते का, आणि फॉर्म कुठे मिळतो, हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मी जेवढे फोन केले तेवढे आयुष्यात केले नसतील.

लेक आता दहावी पास आहे. तीन परीक्षांमध्ये, सहा विषयांत. माझ्या सख्ख्या भाच्याने याच वाटेने, पण वेगळ्या पद्धतीने दहावी पूर्ण केली. या दोन मुलांच्या निमित्ताने जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगते: इथे गती मुलाची असते, तारखा मात्र संस्थेच्या असतात. बहुतेक घरांचं गाडं याच ठिकाणी अडतं.

१. आधी समजून घ्या, हे आहे तरी काय

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही वेगळी संस्था झाली आणि २००२ मध्ये आजचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडाला आहे, प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची ही स्वायत्त संस्था आहे आणि तिचं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र सीबीएसई किंवा आपल्या राज्य मंडळाच्या प्रमाणपत्राच्या तोडीचं मानलं जातं. "ओपनची दहावी चालत नाही" असं कुणी ठामपणे सांगितलं तर घाबरू नका. मलाही तिघांनी सांगितलं होतं.

सतरा नंबरचा फॉर्म ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मूल राज्य मंडळाचीच दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देतं. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, परीक्षा शाळेतल्या मुलांबरोबर, आणि सगळे विषय एकदमच पुढ्यात. ज्याचा अभ्यास झालेला आहे पण शाळा सुटली आहे, त्याला तो बरा. ज्याला विषय वाटून घ्यायचे आहेत त्याला एनआयओएस.

एनआयओएसमध्ये एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षं चालते. त्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकेका वेळी एक विषय द्या, दोन द्या, नाहीतर पाचही द्या. पास झालेला विषय जमा राहतो, तो पुन्हा द्यावा लागत नाही. नापास झालात तर तेवढाच विषय पुढच्या खेपेला. माझ्या लेकीसाठी हे औषधाइतकंच महत्त्वाचं ठरलं, कारण सहा पेपरांचं ओझं एकदम डोक्यावर नव्हतं.

२. ही वाट तुमच्या मुलाची आहे का, हे ठरवा

लांबलेलं आजारपण, खेळ किंवा कलेचा दिवसभराचा सराव, वाचन-लेखनातली अडचण, घरच्या कामामुळे सुटलेली शाळा, सारखी बदली होणारी नोकरी. अशा घरांसाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे. वयाची खालची अट दहावीसाठी १४ पूर्ण आणि बारावीसाठी १५ पूर्ण अशी आहे. वरची अटच नाही. अभ्यास केंद्रावर माझ्या लेकीच्या शेजारी बसणाऱ्या ताई दोन मुलांची आई होत्या.

पण राज्य मंडळाच्या दहावीत एखाद-दुसरा विषय राहिला आहे, एवढंच कारण असेल तर लगेच इकडे धावू नका. आधी राज्य मंडळाची जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीलाही प्रवेश मिळतो. भाच्याचे तीन विषय राहिले होते म्हणून आम्ही त्याला इकडे आणलं.

आणखी एक. रोज सकाळी गणवेश घालून जायची शिस्त ज्या मुलाला सांभाळून नेते, त्याला घरी बसवून अभ्यास होईलच असं नाही. मूल शाळेला कंटाळलं आहे म्हणून हा मार्ग घेणार असाल, तर घरात रोज दोन तास कुणीतरी त्याच्याजवळ बसू शकेल का, हे आधी बघा.

३. वर्षाच्या तारखा भिंतीवर लावा

नियमित प्रवेशाचे दोन गट आहेत. साधारण १६ मार्च ते ३१ जुलै या काळात प्रवेश घेतला तर पहिली परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये देता येते. १६ सप्टेंबर ते ३१ जानेवारीत घेतला तर पहिली परीक्षा त्यापुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दोन्ही मुदतींनंतर विलंब शुल्क भरून थोडा वेळ मिळतो. वयही प्रवेशाच्या गटानुसार ३१ जानेवारी किंवा ३१ जुलै या दिवशी मोजतात. तेव्हा मूल काठावर असेल तर जन्मतारीख पडताळून पाहा.

दुसऱ्या मंडळाची परीक्षा नापास झालेल्यांसाठी वेगळा प्रवाह आहे, त्याच्या तारखाही वेगळ्या असतात. भाचा त्यातूनच आला.

तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची सूचना वाचा. तिचा पत्ता एनआयओएस डॉट एसी डॉट इन असा आहे. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला तारखांचा फोटो चालणार नाही. मला आलेला फोटो मागच्या वर्षीचा निघाला.

४. विषय निवडा, आणि इथे घाई करू नका

दहावीसाठी किमान पाच विषय लागतात. त्यात निदान एक भाषा हवी, पाचांत दोनपेक्षा जास्त भाषा धरता येत नाहीत. वर आणखी दोन जादा विषय घेता येतात, म्हणजे एकूण सात. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, गृहविज्ञान, मानसशास्त्र, चित्रकला, डेटा एंट्री ऑपरेशन्स अशी यादी आहे. दहावीला मराठी माध्यमही आहे. मात्र माध्यम ठरवण्याआधी तुमच्या प्रत्येक विषयाचं पुस्तक त्या माध्यमात संकेतस्थळावर उघडतं का, ते स्वतः उघडून बघा.

यादी बघून पहिला मोह होतो तो गणित सोडायचा. गणित सक्तीचं नाही, आणि ज्या मुलाला आकडे खरोखर दिसतच नाहीत त्याच्यासाठी ही केवढी मोठी सुटका आहे, हे त्या आईबापांनाच कळेल. अशा मुलाने गणित जरूर सोडावं. पण नुसता कंटाळा किंवा भीती असेल तर पाच वर्षांनी मूल काय करत असेल याचा अंदाज घेऊन मग ठरवा. डिप्लोमा, आयटीआयचे काही ट्रेड, अकरावी विज्ञान यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. ज्या कॉलेजात जायची इच्छा आहे तिथे जाऊन, दहावीला कोणते विषय लागतात ते आधी विचारा. फोनवर नको, समोर बसून.

माझ्या लेकीने इतके महिने दवाखाना पाहिला की तिला नर्सिंगलाच जायचं होतं. बीएस्सी नर्सिंगसाठी बारावी विज्ञान हवं, म्हणजे दहावीला विज्ञान नको म्हणून चालणार नव्हतं. मग मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान, डेटा एंट्री आणि विज्ञान असे पाच, आणि गणित सहावं, जादा. पाच विषयांत पास झाली की दहावी पूर्ण, गणित जमलं तर वाट मोकळी राहील. तिने जादा विषय म्हणून घेतलं तेव्हा गणिताची धास्तीच गेली. ही युक्ती मी कुणालाही सुचवेन.

प्रात्यक्षिक असलेले विषय घेताना एक गोष्ट लक्षात घ्या. डेटा एंट्री आणि चित्रकलेत प्रात्यक्षिकाला मोठं वजन आहे, हाताने काम करणाऱ्या मुलांना ते सोपं जातं. पण प्रात्यक्षिकाचे तास अभ्यास केंद्रावर जाऊनच करावे लागतात. केंद्र ४० किलोमीटरवर असेल आणि घरातून एसटीने एकटं मूल पाठवता येत नसेल, तर असे तीन विषय एकदम घेऊ नका.

नंतर मन बदललं तर विषय बदलता किंवा वाढवता येतो, शुल्क भरून आणि एकूण सातची मर्यादा सांभाळून. त्यामुळे पहिली निवड दगडावरची रेघ नाही.

५. कागद गोळा करा

हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मगच फॉर्म उघडा.

- अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि मुलाची सही. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करून घ्या.
- आधार कार्ड.
- जन्माचा दाखला, किंवा जन्मतारीख असलेला शाळा सोडल्याचा दाखला.
- आठवीची किंवा नंतरची मार्कशीट. शाळाच नीट झालेली नसेल तर दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिक्षण झालं आहे, असं स्वतःचं घोषणापत्र चालतं.
- बारावीसाठी दहावीची मार्कशीट.
- सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, माजी सैनिक असल्याचा पुरावा यांपैकी लागू असेल ते. मुलींना तसंही शुल्क कमी असतं.
- दुसऱ्या मंडळात काही विषय पास असतील तर त्या परीक्षेची मूळ मार्कशीट.
- चालू मोबाइल नंबर आणि ईमेल.

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. पाच वर्षं सगळे निरोप, ओटीपी, हॉल तिकिटाची सूचना त्याच नंबरावर येते. दुकानदाराचा किंवा क्लासवाल्याचा नंबर घातलात तर तुमच्या मुलाची किल्ली त्याच्या खिशात गेली.

मूळ मार्कशीटबद्दल थोडं जास्त सांगते. भाच्याचे राज्य मंडळात मराठी आणि सामाजिक शास्त्र पास होते. एनआयओएस अशा पास विषयांपैकी दोनपर्यंत आपल्या खात्यावर घेते, ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. त्याला म्हणतात श्रेयांक हस्तांतरण, अर्थात टीओसी. त्यासाठी मूळ मार्कशीट जमा करावी लागते. देण्याआधी तिची स्कॅन आणि दोन साक्षांकित प्रती घरी ठेवा. प्रवेशाच्या वेळीच टीओसी मागा, "नंतर बघू" म्हणून ठेवू नका.

६. फॉर्म भरा: नावाचा घोळ टाळा

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. संस्थेच्या प्रवेश संकेतस्थळावर नोंदणी केली की संदर्भ क्रमांक मिळतो. शुल्क भरून कागद तपासले गेले की १२ अंकी नोंदणी क्रमांक येतो. हा नोंदणी क्रमांक कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, पुढच्या प्रत्येक कामाला तोच लागतो.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो, आणि तो खास आपल्याकडचा आहे. आपल्या शाळांत आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक नाव आधी. काहींच्या आधारवर वडिलांचं नाव नाहीच. आम्ही पहिल्यांदा सायबर कॅफेत फॉर्म भरला. तिथल्या मुलाने दाखल्यावरून बघून आडनाव पहिल्या रकान्यात टाकलं, वर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकवलं. मी काउंटरपलीकडून स्क्रीन नीट पाहिली नव्हती. ती चूक दुरुस्त करायला अर्ज, शुल्क आणि अडीच महिने गेले. आधार, जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला या तिघांवर नाव एकसारखं नसेल तर आधी ते एकसारखं करून घ्या, मग फॉर्म. आणि अंतिम बटण दाबण्याआधी छापील प्रत काढून घरी आणा, मुलाला मोठ्याने वाचायला लावा. स्वतःच्या नावातली चूक मुलाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

फॉर्ममध्ये अभ्यास केंद्र निवडायचं असतं. नुसतं जवळचं म्हणून निवडू नका. एकदा प्रत्यक्ष जा, तुमच्या विषयांचे तास खरोखर होतात का, प्रयोगशाळा आहे का, रविवारी कोण भेटतं, हे पाहा.

आता दलालांविषयी. "सहा महिन्यांत दहावी, पासची हमी" असे फलक लावणारे क्लास प्रत्येक गावात आहेत. शिकवणारा क्लास लावणं वेगळं, आणि फॉर्मसाठी तिप्पट पैसे घेऊन हमी देणारा माणूस वेगळा. शुल्काची पावती संस्थेच्या संकेतस्थळावरूनच निघते. पावती मुलाच्या लॉगिनमध्ये दिसत नसेल तर प्रवेश झालेला नाही, मग समोरच्याने काहीही सांगितलेलं असो. शंका आली तर संस्थेची निःशुल्क मदतवाहिनी आहे, १८०० १८० ९३९३.

परगावच्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी एक ओळ: आखाती देशांतही एनआयओएसची केंद्रं आहेत, दुबई-कुवेतच्या कुटुंबांना यासाठी मूल भारतात ठेवायची गरज पडत नाही.

७. पुस्तकं आली, आता रोजचं काय

छापील पुस्तकं घरी येतात, पण वाट बघत बसू नका. सगळी संकेतस्थळावर मोफत आहेत. पहिल्या आठवड्यात एक काम करा. प्रत्येक विषयाचे धडे दोन भागांत वाटलेले असतात, साधारण ४० टक्के धडे स्वाध्यायासाठी आणि ६० टक्के सार्वजनिक परीक्षेसाठी. ही विभागणीची यादी संकेतस्थळावर आहे. ती काढा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर दोन रंगांच्या पेनने खुणा करा. आम्हाला हे तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर लेक विज्ञानाचा पहिल्या धड्यापासून एकेक धडा पाठ करत बसली होती.

रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी अभ्यास केंद्रावर मार्गदर्शन वर्ग होतात. सगळ्या तासांना जायची सक्ती शाळेसारखी नाही. तरी लेक बरी झाल्यावर दर रविवारी गेली. एकटीने अभ्यास करणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आपल्यासारखी चार मुलं भेटली पाहिजेत, हे मी अनुभवाने सांगते.

घरी आम्ही वेळापत्रक केलं नाही. ताप असेल त्या दिवशी काही नाही, बरी असेल त्या दिवशी सकाळी एक धडा. फळीवर एक वही ठेवली होती, त्यात ती तारीख आणि धड्याचं नाव लिहायची. महिन्याला आठ ओळी भरल्या तरी चालेल असं ठरवलं होतं. पहिल्या महिन्यात पाच भरल्या, चौथ्यात सतरा.

८. स्वाध्याय म्हणजे टीएमए: २० टक्के घरबसल्या

प्रत्येक विषयाला टीएमए असतो, शिक्षक तपासतात तो स्वाध्याय. त्याचं वजन २० टक्के. सहा प्रश्न, एकूण २० गुण: पहिले तीन दोन-दोन गुणांचे, पुढचे दोन चार-चार गुणांचे, सहावा सहा गुणांचा प्रकल्प. प्रत्येक प्रश्नात पर्याय दिलेला असतो.

उत्तरं मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची. नेटवर "तयार टीएमए" विकणारे भरपूर आहेत. ते विकत घेऊन जसंच्या तसं उतरवलं तर तपासणाऱ्याला ओळखू येतं, कारण तेच वाक्य त्याने त्या आठवड्यात चाळीसदा वाचलेलं असतं. गृहविज्ञानाच्या प्रकल्पासाठी लेकीने आमच्याच घराचा आठवडाभराचा स्वयंपाक लिहिला. सोमवारी भाकरी आणि पिठलं, मंगळवारी मटकीची उसळ, आणि शेजारी प्रथिनं कुठे कमी पडली त्याची नोंद. त्या प्रकल्पाला पूर्ण गुण मिळाले. माझ्या डब्यातल्या डाळीचं प्रमाणही वाढलं.

हल्ली टीएमए विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून पीडीएफ करून अपलोड करायचा असतो. एप्रिलच्या परीक्षेसाठी मुदत साधारण जानेवारीअखेर, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी जुलैअखेर. स्कॅन खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात करा, ट्यूबलाइटखाली हाताची सावली पानावर पडते. प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक, विषय आणि पान क्रमांक घाला. विषयवार एकच फाइल करा आणि अपलोड झाल्यावर ती परत उघडून शेवटचं पान दिसतं का ते बघा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ कूर्मगतीने चालतं, दोन आठवडे आधीच उरका.

टीएमए दिलाच नाही तर परीक्षा देता येते, पण ते २० गुण गेले. पासाच्या ३३ टक्क्यांचा हिशेब मग फार अवघड होतो.

९. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, वेगळाच असतो

हा मोठा खड्डा आहे. प्रवेश शुल्क भरलं म्हणजे परीक्षेला बसता येतं, असा समज घरोघरी असतो. तसं नाही. प्रत्येक परीक्षेआधी, जे विषय द्यायचे आहेत त्यांची निवड करून, दर विषयाचं शुल्क भरून वेगळी नोंदणी करावी लागते. प्रात्यक्षिकाचं शुल्क निराळं. एप्रिलच्या परीक्षेसाठी ही खिडकी हिवाळ्यात उघडते, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी जूनच्या सुमारास. लेकीबरोबर शिकणारा एक मुलगा अभ्यास पूर्ण करून बसला होता आणि हा फॉर्मच भरायचा राहिला. त्याचे सहा महिने गेले.

एका खेपेला किती विषय द्यायचे? लेकीने पहिल्या एप्रिलमध्ये दोनच दिले, मराठी आणि गृहविज्ञान. सोपे होते म्हणूनच. आजारपणानंतर तिला आधी पास होण्याची चव मिळायला हवी होती. ऑक्टोबरात इंग्रजी आणि डेटा एंट्री. पुढच्या एप्रिलमध्ये विज्ञान आणि गणित, कारण तोवर तिला तीन तास बसायची ताकद आली होती. भाच्याने उरलेले तिन्ही विषय एकदम दिले, गणितात पडला, ऑक्टोबरात तेवढंच दिलं आणि सुटला. दोघांचंही बरोबर होतं. चूक होते ती फक्त एकच: सगळ्यात अवघड विषय शेवटच्या संधीवर टाकणं. नऊ संधी ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आजारपण, लग्नकार्य आणि चुकलेले फॉर्म यांत त्या भराभर जातात.

पास होण्यासाठी ३३ टक्के लागतात, लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे, आणि एकत्रितही. प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते. तिचं हॉल तिकीट वेगळं निघतं, प्रयोगवही आधी पूर्ण करून तिच्यावर सही घ्यावी लागते. लेकीच्या विज्ञानाच्या वहीवर एका प्रयोगाखाली सही राहिली होती, ती आदल्या संध्याकाळी लक्षात आली. सह्या महिनाभर आधी मोजा.

लेखीचं हॉल तिकीट परीक्षेच्या काही दिवसच आधी संकेतस्थळावर येतं. केंद्र जवळचं मिळेलच असं नाही, आम्हाला शेजारच्या तालुक्यातलं मिळालं. पेपर सहसा दुपारी अडीच ते साडेपाच असतो, एप्रिलच्या उन्हात. पाण्याची बाटली, जेवण हलकं, आणि एसटी एक गाडी आधीची. वेळापत्रक महिनाभर पसरलेलं असतं, दोन पेपरांत भरपूर दिवस मिळतात.

दिव्यांग मुलांना आणि वाचन-लेखनाची अडचण असलेल्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सोयी मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्रासह आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखांना विनंती करून हे होत नाही. मंजुरीचं पत्र छापून बरोबर न्या.

मागणीनुसार परीक्षा नावाची आणखी एक सोय आहे. तयारी झाली की ठरावीक केंद्रांवर तारीख निवडून विषय द्यायचा. सगळे विषय, सगळी केंद्रं आणि सगळे महिने त्यात नसतात. एखादाच विषय अडला असेल तर तुमच्या वेळी ती कुठे सुरू आहे हे पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात विचारा.

१०. निकाल, आणि अकरावीची दारं

एप्रिल-मेचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो. मार्कशीट डिजिलॉकरमध्येही मिळते. पास झाल्यावर मार्कशीट आणि प्रमाणपत्राबरोबर स्थलांतर आणि शाळा सोडल्याचं एकत्रित प्रमाणपत्र येतं. आपण ज्याला एलसी म्हणतो त्याच्या जागी हेच चालतं, ते लॅमिनेट करू नका.

महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. मंडळ निवडताना "इतर मंडळ" या रांगेत एनआयओएस शोधा. अडचण वेळेची आहे. राज्य मंडळाचा निकाल मेमध्ये लागतो, अकरावीची नोंदणी तेव्हाच सुरू होते, आणि तुमचा निकाल अजून बाकी असतो. म्हणून नोंदणीचा पहिला भाग आधीच भरून ठेवा, निकाल लागताच गुण भरा. पहिली फेरी हुकली तरी पुढच्या फेऱ्या असतात. ज्याला नावाजलेल्या कॉलेजात जायचं आहे त्याने शेवटचे विषय ऑक्टोबरच्या परीक्षेत संपवावेत, म्हणजे जूनमध्ये मार्कशीट हातात असते. हे मला उशिरा सुचलं.

कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी आमची मार्कशीट दोनदा उलटून पाहिली आणि "हे आम्ही घेत नाही" म्हणाल्या. वाद घातला नाही. प्राचार्यांना भेटायची वेळ मागितली, संस्थेच्या संकेतस्थळावरची समकक्षतेची पत्रं छापून नेली होती, ती पुढे ठेवली. दहा मिनिटांत काम झालं. ती पत्रं तुम्हीही फाइलमध्ये ठेवा.

बारावीही एनआयओएसमधूनच करायची असेल तर एक नियम आधी माहीत हवा. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं. दहावीनंतर एक वर्ष झालं की बारावीचे जास्तीत जास्त चार विषय देता येतात, उरलेले दुसऱ्या वर्षानंतर. म्हणजे गाडी हळू चालवायची मुभा भरपूर आहे, पण दोन वर्षांचा रस्ता एका वर्षात कापता येत नाही. "एका वर्षात बारावी" सांगणाऱ्या क्लासला हा नियम विचारून बघा.

लेक आता अकरावी विज्ञानाला आहे, नेहमीच्या कॉलेजात, रोज सकाळी सातच्या एसटीने जाते. गणितात ४१ मिळाले होते. फळीवरची ती वही तिने काढून टाकू दिली नाही. परवा पाहिलं तर तारखा आणि धडे पुढे लिहिणं चालूच आहे, या वेळी जीवशास्त्राचे.